जुन्या गोव्यातल्या सेंट झेवियरच्या शवाबद्दल: ते तिथे आलं कसं, आणि हात रोमला का?

फैजपूरकर_केळीवाला

राम कृष्ण हरी मंडळी. दिवाळीनंतर घरच्यांना घेऊन गोव्याला जायचं ठरतंय. आई माळकरी आहे, मुक्ताईची वारी तिने कधी चुकवली नाही. बीच वगैरे तिला काही नको, पण जुन्या गोव्यात कुणा साधूचा देह साडेचारशे वर्षं जपून ठेवलाय हे कुणाकडून तरी ऐकलं, तेव्हापासून तेच धरून बसली आहे. तिचे प्रश्न तिच्याच शब्दांत लिहितो. तो देह कुणाचा, कुठून आणला? एक हात नाही म्हणतात, तो कुणी कापला? आणि आपण हात जोडले तर त्यांना चालेल का?

गुगलवर शोधलं तर एकीकडे नुसते चमत्कार, दुसरीकडे नुसत्या शिव्या. कुणाला नीट माहिती असेल तर लिहा. २०२४ चं शवदर्शन हुकलं, मग आता जाण्यात अर्थ आहे का, तेही सांगा.

धुळे_पांझरा

भाऊ, जा, पण इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचा, इतिहास वाचून जा. हिंदूंवर जे अत्याचार झाले ते विसरून नुसते हात जोडून येऊ नका, एवढंच म्हणणं.

भुसावळची_बाई

केळीवाले भाऊ, आईंचे प्रश्न फार आवडले म्हणून सविस्तर लिहिते. आम्ही मूळचे गोव्यातल्या बार्देशचे. आजोबा रेल्वेत लागले, भुसावळला आले आणि आम्ही इथलेच झालो. मी शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे. घरात अजून कोंकणी चालते आणि या संताला आम्ही ‘गोंयचो सायब’ म्हणतो.

फ्रान्सिस झेवियर स्पेनकडच्या नवार प्रांतातला. जन्म १५०६. पॅरिसला शिकताना इग्नेशियस लोयोलाची गाठ पडली, त्यातून जेझुईट हा ख्रिस्ती धर्मगुरूंचा संघ उभा राहिला आणि ६ मे १५४२ ला हा माणूस गोव्यात उतरला. पुढच्या दहा वर्षांत मलाक्का, मोलुक्का बेटं, १५४९ ला जपान. चीनमध्ये शिरायची धडपड चालू असतानाच ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर तापाने गेला. किनारा समोर दिसत होता आणि तिथवर नेणारी होडी मिळेना.

देहाची गोष्ट तिथून सुरू होते. पेटीत पुरताना वरखाली चुना टाकला. हेतू सरळ होता, मांस लवकर झडावं आणि अस्थी पुढे नेता याव्यात. १५५३ च्या फेब्रुवारीत पेटी उघडली तर देह जसाच्या तसा. तो मलाक्काला नेला, तिथे पेटीशिवाय मातीत पुरला. काही महिन्यांनी पुन्हा काढला आणि १६ मार्च १५५४ ला गोव्यात आणला. सेंट पॉल कॉलेजात ठेवला होता. त्या कॉलेजची आज फक्त कमान उभी आहे, जुन्या गोव्यात गेलात की तीही बघा, तिथे फारसं कुणी थांबत नाही.

आता आईंचा दुसरा प्रश्न. उजवा हात कोपरापासून १६१४ मध्ये कापला, रोमहून जेझुईटांचे प्रमुख अक्वाविवा यांनी मागवला म्हणून. ज्या हाताने हजारोंना बाप्तिस्मा दिला तो हात रोममध्ये हवा होता. आजही तिथल्या जेझू चर्चमध्ये तो दर्शनाला ठेवलाय. २०१८ मध्ये तोच हात विमानाने कॅनडाभर फिरवून आणला. दंडाच्या हाडाचा तुकडा मकावला आहे. पायाच्या बोटाची कथा तर गोव्यात पोराटोरांना माहीत असते, एका पोर्तुगीज बाईने पायाचं चुंबन घेताना बोट चावून नेलं म्हणतात. संत ही पदवी मिळाली १६२२ ला, म्हणजे हात त्याआधीच गेला होता. आम्ही भक्त मंडळी ‘अविनाशी देह, अविनाशी देह’ म्हणत राहतो, पण त्या देहाला काळाने जेवढं झिजवलं नसेल तेवढं माणसांच्या प्रेमाने आणि हट्टाने तोडलंय. मला तरी त्याच्या सगळ्या कथांमध्ये हीच सर्वांत खरी वाटते.

आपल्या मुक्ताईचं उलटं आहे बघा. तापीकाठी वीज कडाडली आणि ती गुप्त झाली, मागे काही उरलंच नाही, तरी मेहूणला गर्दी हटत नाही. आईंना हे सांगा, त्यांना लगेच उमजेल.

भाऊ, मराठी माणसाने माहीत करून घ्यावी अशी एक हकीकत सांगते. १६८३ च्या हिवाळ्यात संभाजीराजांनी गोव्यावर चाल केली. जुवे बेटाचा किल्ला घेतला, साष्टी-बार्देशात मराठी फौजा शिरल्या, व्हाइसरॉय कौंट आल्व्होर स्वतः लढाईत जखमी झाला. शेवटी तो बॉम जीझसमध्ये, म्हणजे आजही देह आहे त्या जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये, गेला, शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड झेवियरच्या देहापाशी ठेवून ‘आता राज्य तूच सांभाळ’ असं साकडं घातलं. पुढे मोगलांची फौज कोकणावर उतरल्यामुळे राजांना परत फिरावं लागलं. गोव्यात लोकांनी त्याचं श्रेय संताला दिलं आणि नवा गव्हर्नर आला की तिथूनच दंड घ्यायचा असा रिवाज पडला. माझी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मी तिला विचारायचे, ‘मग आपण कुणाच्या बाजूचे?’ ती भाजी निवडत राहायची, उत्तर द्यायची नाही.

शवदर्शनाबद्दल. १७५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाने जेझुईटांना हाकललं, तेव्हा जाता जाता त्यांनी खरा देह पळवला अशी आवई उठली. ती खोटी पाडायला १७८२ मध्ये देह सर्वांसमोर ठेवला. पहिलं जाहीर दर्शन ते. आता दर दहा वर्षांनी होतं, मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. त्या वेळी पेटी समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात. २००४ च्या वेळी मी माझ्या आईबरोबर त्या रांगेत होते. जवळून दिसतो तो वाळलेला, काळसर, आक्रसलेला चेहरा. माझ्या आईने काचेला रुमाल टेकवला, सगळेच टेकवतात. तो रुमाल अजून कपाटात जपमाळेजवळ आहे. शेजारची लेवा पाटलांची सून पोराचा ताप उतरेना म्हणून एकदा मागून घेऊन गेली होती, धुवून इस्त्री करून परत दिला.

दर्शन हुकलं म्हणून जाणं टाळू नका. उलट आता निवांत बघता येईल. पेटी वर उंच चौथऱ्यावर आहे, मान वर करूनच बघावं लागतं. चांदीची पेटी गोव्यातल्याच सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवली, तिच्यावर झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेत. खालचा संगमरवरी चौथरा मात्र इटलीचा. झेवियरच्या डोक्याखालची उशी टस्कनीच्या ड्यूकला, तिसऱ्या कोझिमो मेदिचीला, भेट गेली. त्याची परतफेड म्हणून त्याने फॉजिनी नावाच्या शिल्पकाराकडून दहा वर्षं खपवून हे काम करून घेतलं आणि जहाजाने पाठवलं. १६९८ मध्ये इथे जोडलं. ब्राँझच्या चार पट्ट्या आहेत, त्यांत मृत्यूचा प्रसंग शोधा. आईंना खुर्चीत बसवा आणि वेळ द्या.

जळगाव_सिव्हिल

बाई, मस्त लिहिलंत. थोडी दगडाची भर. चर्चचा पाया १५९४ चा, अभिषेक १६०५ ला. भिंती जांभ्याच्या, पण दर्शनी भागातलं कोरीवकाम काळ्या बेसाल्टमध्ये, आणि तो दगड वसईहून नेला. जांभा सच्छिद्र असतो, त्याला गिलावा लागतोच. तो गिलावा १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुविशारदाने ‘जुनं दिसावं’ म्हणून काढून टाकला. आज जो लाल दगड फोटोत सुंदर दिसतो तो दर पावसाळ्यात पाणी पितो आणि झिजतो. माझ्या मते गिलावा परत द्यायलाच हवा, लोकांना लाल रंगाची सवय झाली म्हणून इमारत मरू द्यायची का?

फैजपूरकर_केळीवाला

बाई, आईला सगळं वाचून दाखवलं. मुक्ताईच्या वाक्याला तिने दोनदा थांबवलं. पण पांझरावाल्या भाऊंनी म्हटलंय त्याचं काय? तेही खरंच असेल ना?

भुसावळची_बाई

खरं आहे, आणि मी ते झाकणार नाही. गोव्यात इन्क्विझिशन नेमावं असं झेवियरने १५४६ मध्ये राजाला पत्रात लिहिलं होतं. ते न्यायालय बसलं १५६० ला, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, आणि कायमचं बंद झालं १८१२ ला. त्यात जे भरडले गेले त्यांत हिंदू होते, आणि बाटल्यावरही घरात तुळस ठेवली, जुना सण केला म्हणून पकडलेले नवख्रिस्ती तर फार होते. म्हणजे माझेच पूर्वज. पांझरा भाऊ, तुमचा राग मला परका नाही. तरी माझी आजी त्या पेटीसमोर गुडघे टेकायची, मीही टेकते. दोन्ही माहीत असूनच.

आईंना म्हणावं, खुशाल हात जोडा. आम्हीही त्या देहाची पूजा करत नाही, देवाची करतो, संताला मान देतो. चपला काढाव्या लागत नाहीत, खांदे-गुडघे झाकलेले असावेत. मिस्सा, म्हणजे चर्चचा प्रार्थनाविधी, चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, फक्त ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत जाऊ नका. आणि ३ डिसेंबरचं फेस्त, म्हणजे संताचा सण, जमत असेल तर तेव्हाच जा, २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना असते, गर्दी खरी पण वातावरण वारीचं. भुसावळहून गोवा एक्सप्रेस थेट मडगावला नेते. आरक्षण आत्ताच करा, फेस्ताच्या दिवसांत मिळत नाही.

धुळे_पांझरा

बाई, तुमचे पूर्वज त्यात होते हा विचार केला नव्हता. त्या खटल्यांवर मराठीत वाचायला काय आहे ते वेगळ्या धाग्यात लिहाल का?