उन्हाळ्यात हवा दोन-तीन पीएसआय कमीच ठेवावी?

गाडीच्या टायरवरच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की मऊ रबराच्या टायरची पकड जास्त, ते खरं. पण ‘खानदेशच्या उन्हात हवा दोन-तीन पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमीच ठेवा, म्हणजे टायर फुटत नाही’ हे त्यांचं म्हणणं अजिबात पटलं नाही. उलट आहे. हवा कमी असली की साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) जास्त दबते, प्रत्येक फेऱ्याला वाकते, आणि त्या वाकण्यानेच टायर तापतो. मी हे स्वतः केलंय. मे महिन्यात भर दुपारी धुळ्याहून जळगावला आलो, रस्त्यावरच्या दुकानात हवा तपासली तर ३८ पीएसआय. पोऱ्या म्हणाला, "दादा, हवा जास्त शे," आणि ३३ वर आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर मोजली तर २८! आमचा टायर ५५ प्रोफाइलचा, म्हणजे साइडवॉलची उंची टायरच्या रुंदीच्या ५५ टक्केच. एवढ्या हवेत एक खड्डा रिमचा निकाल लावायला पुरेसा असतो (आणि खड्ड्यांची आपल्याकडे कधी टंचाई नसते). दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाआत लिहिलेला आकडा थंड टायरचाच असतो, म्हणून सकाळी गाडी काढण्याआधी मोजा.

टायरवरचं वेगमर्यादेचं अक्षर डब्ल्यू हवं की व्ही, यावर इतकी चर्चा झाली. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर, डब्ल्यू म्हणजे २७०, आपल्याला दोन्ही पुरून उरतात. त्यापेक्षा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको, आणि साइडवॉलवरचे तारखेचे चार आकडे वाचा. १४२४ म्हणजे २०२४ चा चौदावा आठवडा. ‘ऑफर’मधला परफॉर्मन्स टायर बऱ्याचदा तिथेच जुना माल म्हणून उघडा पडतो.