गणित त्या पिशवीतच होतं

शाळेतल्या मदतीच्या उपक्रमांत तासिका बुडतात आणि पोरं गणितात मागे पडतात असं काहीजण म्हणतात, ते मला नाही पटत. जळगाव जिल्ह्यात पारोळ्याकडच्या आमच्या शाळेत चौथीच्या 37 पोरांनी घरून पाव-पाव किलो दादर (आमच्याकडची ज्वारी) आणली, कापूस वेचायला सातपुड्यातून आलेल्या कुटुंबांसाठी. फळ्यावर गुणाकार आला 9 किलो 250 ग्रॅम आणि काट्यावर भरली 9 किलो 100, मग दीडशे ग्रॅम गेली कुठे यावर अख्खा तास वादावादी, शेवटी एका पोरीने दप्तरातली उसवलेली पिशवी दाखवली आणि दप्तराच्या तळातले दाणे वेचून काट्यावर टाकले. एरवी वजाबाकीला घाबरणारी पोरगी ती!

फक्त कोणी किती आणलं ते वर्गात नाव घेऊन वाचू नका. आधीच्या वर्षी मी वाचलं होतं, एक पोरगा दोन दिवस शाळेतच आला नाही.