हायगेट फेरी: पत्रकात हॅरिंगे की हॉर्न्सी?

मंजिरी:
मंडळी, लंडनच्या हायगेट भागातल्या आपल्या फेरीचं पत्रक आज संध्याकाळी छपाईला जातंय. मसुद्यात असं आहे: '1906 साली सावरकर लंडनला आले आणि हॅरिंगे बरोतल्या इंडिया हाउसमध्ये राहिले.' कुणाला काही खटकत असेल तर आत्ताच बोला.

बापूकाका:
खटकतंय तर! 1906 साली हॅरिंगे ही बरो, म्हणजे स्वतःची कौन्सिल असलेला शहराचा भाग, होती कुठे? हॉर्न्सी, वुड ग्रीन आणि टॉटनहॅम या तीन बरो मोडून 1 एप्रिल 1965 ला ती केली. इंडिया हाउस ज्या रस्त्यावर होतं तो क्रॉमवेल अव्हेन्यू हॉर्न्सीत होता, आणि हॉर्न्सी लंडन कौंटीत (जिल्ह्यात) नव्हे, शेजारच्या मिडलसेक्स कौंटीत. हायगेटच्या हाय स्ट्रीटवर तर एका बाजूला मिडलसेक्सची हॉर्न्सी, समोर लंडनचं सेंट पँक्रस! हॉर्न्सीचा कारभार असा बदलत गेला: 1867 ला लोकल बोर्ड (स्थानिक मंडळ), 1894 ला अर्बन डिस्ट्रिक्ट (नागरी विभाग), 1903 ला सनद मिळून म्युनिसिपल बरो. श्यामजी कृष्णवर्मांचं इंडिया हाउस, म्हणजे भारतीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह, 1 जुलै 1905 ला सुरू झालं, तेव्हा ही बरो जेमतेम दोन वर्षांची.

क्वीन्स वुड फेरीत घ्याच. 1898 साली हॉर्न्सीच्या कौन्सिलने ते रान विकत घेतलं, नाहीतर आज तिथे घरांच्या रांगा असत्या.

समीर:
काका, लोक सावरकरांचं घर बघायला येणार. अर्बन डिस्ट्रिक्टशी त्यांना काय देणंघेणं? मॅपवर हॅरिंगेच दिसतं.

बापूकाका:
अरे, मॅप आजचा, गोष्ट 1906 ची. घरावरची सावरकरांच्या नावाची निळी पाटी बघ. ग्रेटर लंडन कौन्सिलने 1985 ला लावली, पुढच्याच वर्षी थॅचरबाईंनी ती कौन्सिलच गुंडाळली! पाटी आहे, लावणारे गेले. क्राउच एंडमधल्या हॉर्न्सीच्या टाउन हॉलचंही तेच. 1935 साली रेजिनल्ड युरेन या न्यूझीलंडच्या आर्किटेक्टकडून विटांचा, उंच मनोऱ्याचा हॉल बांधून घेतला, आणि तीस वर्षांत बरोच बरखास्त. हॉर्न्सी कौन्सिलचं जुनं दप्तर उघडायचं तर हॉर्न्सीच्याच नावाने शोधावं लागतं, एवढं तरी पत्रक वाचणाऱ्याला कळू दे.

मंजिरी:
बरं, मग 'हॉर्न्सी, मिडलसेक्स (आता हॅरिंगे)' असं छापते. क्वीन्स वुड घेतलं. टाउन हॉल मात्र लांब पडेल, त्यात बाबागाड्या आहेत. ज्यांना जायचंय त्यांनी जेवण झाल्यावर काकांबरोबर जा.

समीर:
मी येतो काका. पण चहा तुमच्याकडून.