मान्सून म्हणजे वारा की पाऊस?

अंत्रुजकर : आठवीच्या मुलांना भूगोल शिकवताना ‘ईशान्य मान्सून’ या शब्दापाशी मी अडलो. डिसेंबरात आपल्याकडे आंब्याला मोहोर येऊ लागतो आणि पावसाचा मागमूसही नसतो. मग त्या दिवसांना मान्सून का म्हणावे, असे एका मुलीने विचारले. इंग्रजी शब्दकोश उघडला, तर तेथे पहिला अर्थ ‘वारा’ असा निघाला. हा शब्द कोठून आला आणि वाऱ्याचे नाव पावसाला कसे मिळाले, हे कोणी सांगू शकेल काय?

मांडवीकाठ : शब्दकोश बरोबर आहे. मूळ शब्द अरबी ‘मौसिम’, म्हणजे ठरलेली वेळ. अरब दर्यावर्दी तो गलबते हाकारण्याच्या हंगामासाठी वापरीत. पोर्तुगीजांनी तो ‘मोन्सांव’ असा उचलला आणि तेथून, काहीसा डचांच्या मार्फत, सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत पोहोचला. हिंदी महासागरावरचे वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात आणि त्या दोन्ही वाऱ्यांचे नाव मान्सूनच आहे. ईशान्येचा वारा जमिनीवरून येत असल्यामुळे गोव्यात कोरडा असतो, पण तोच बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन तामिळनाडूत बरसतो. आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर येतो, म्हणून वाऱ्याचे नाव पावसालाच चिकटले. आपला ‘मोसम’ही त्याच अरबी शब्दापासून आलेला असल्यामुळे ‘मोसमी वारे’ हा मराठी प्रतिशब्द मुळाशी अधिक प्रामाणिक आहे, असे माझे मत आहे.

जुन्या कागदांचा वाचक : याचा पुरावा पणजीतच आहे. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघालेली जहाजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यात पोहोचत आणि डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास परतीला लागत. त्या जहाजांतून राजा आणि व्हाइसरॉय यांच्यात चाललेल्या पत्रव्यवहाराचे जे खंड १५९५ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या पुराभिलेखागारात आहेत, त्यांचे नावच ‘मान्सूनची पुस्तके’ असे आहे. येथे मान्सूनचा अर्थ पाऊसही नाही आणि केवळ वाराही नाही, तर जहाजांची खेप असा आहे. गंमत म्हणजे, खुद्द पावसाळ्याला मात्र पोर्तुगीज ‘हिवाळा’ म्हणत. त्या महिन्यांत मांडवीचे मुख जहाजांना बंद होत असे.

मडगावचा मासेखाऊ : मोसंबीसुद्धा यातलीच का?

मांडवीकाठ : नाही. मोसंबीचा संबंध मोझांबिकशी जोडतात. आपल्याला माशांवरूनच समजून घ्यायचे असेल, तर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस ट्रॉलर धक्क्याला का लागतात ते आठवावे. मासळीच्या विणीबरोबरच खवळलेला दर्या हेही त्याचे कारण आहे, आणि दर्यात केव्हा जावे व केव्हा जाऊ नये, एवढाच तर ‘मौसिम’चा मूळ अर्थ होता.