ओल्या गवतावरून टेकऑफ, किती जागा धरायची?

नवशिका_वैमानिक: इंग्लंडमध्ये पीपीएल (खासगी वैमानिकाचा परवाना) करतोय, सेस्ना १७२ या छोट्या विमानावर. शनिवारी गवताच्या पट्टीवर जायचंय आणि आठवडाभर नुसता पाऊस चालूय. मॅन्युअलमध्ये ५० फूट उंची गाठायला ५०० मीटर येतंय, पट्टी ७५० ची आहे, म्हणजे चालेल ना?

गवत्या: नाही रे बाबा! तो आकडा कोरड्या डांबरी रनवेचा. इथल्या सीएएच्या (नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या) हिशोबाने ओलं गवत म्हणजे गुणिले १.३, वर सेफ्टीचे १.३३, झाले ८६५ मीटर. चढ असेल, जमीन मऊ असेल तर अजून वाढव, आणि हे सगळे आकडे एकमेकांना गुणायचे, बेरीज नाही करायची, तिथेच लोक फसतात.

नवशिका_वैमानिक: बापरे. मग अर्ध्या टाकीवर गेलो तर?

ढगातला_काका: वजन कमी केलंस तर फरक पडतोच, पण आधी पट्टी पायी चालून बघ, बूट रुतले तर घरी चहा पी. निघालासच तर निम्म्या पट्टीपर्यंत रोटेशन स्पीडच्या (नाक उचलायच्या वेगाच्या) ७० टक्के वेग आला नाही की थ्रॉटल बंद, टेकऑफ रद्द, आणि ओल्या गवतावर ब्रेक नुसते घसरतात हेही त्यात धर.