सायबाकडे, म्हणजे जुन्या गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियरकडे, चालत गेलायत का कधी? तुमचे अनुभव लिहा

जांबोटी रोड
काल दुपारी जांबोटीहून बेळगावला परत येत होते. किणयेच्या जवळ रस्त्याच्या कडेने पंचवीस-तीस माणसं समोरून चालत येताना दिसली. पुढे एक पोरगा खांद्यावर लाकडी क्रूस घेऊन, मागे बायका जपमाळ म्हणत, शेवटी पिकअप, त्यात अंथरुणं आणि पाण्याचे कॅन. गाडी बाजूला घेतली आणि नुसती बसून राहिले. नवऱ्याने विचारलं, काय झालं? मला सांगताच येईना.

१९९४ ची गोष्ट. त्याआधी चार वर्षं माझा भाऊ, तेव्हा दीड वर्षाचा, तापाने असा फणफणला होता की डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, मनाची तयारी ठेवा. त्या रात्री आई बोलली, "सायबा, पोर वाचलं तर मी त्याला घेऊन चालत येईन." पोर वाचलं. पण पैसे, घर, आजीचं आजारपण, नवस राहूनच गेला. मग १९९४ ला दहा वर्षांनी शवप्रदर्शन आलं, सायबाचं शरीर असलेली पेटी दर्शनाला खाली आणतात ते, आणि आई म्हणाली, आता नाही तर कधीच नाही.

बाबांना रजा नव्हती. गल्लीतल्या अकरा-बारा जणांबरोबर आम्ही निघालो. तेव्हा चोर्ल्याचा रस्ता आत्तासारखा नव्हता, म्हणून खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड असं गेलो. मी अकरा वर्षांची, भाऊ साडेपाच. तो दमला की आई त्याला पाठीशी बांधायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही, कारण बोलताना "मी घेऊन येईन" असं बोलली होती. एक म्हातारी माय तिला म्हणाली, "अगं, सायब हिशेब ठेवत नाही." आई म्हणाली, "मी ठेवते."

अनमोडचा घाट उतरताना तिची चप्पल तुटली. पुढचं सगळं अनवाणी. मोले, फोंडा, बाणस्तारी. जुन्या गोव्यात रांगेत पाच तास. पेटीसमोर आल्यावर तिने भावाला वर उचललं, आणि तो मोठ्याने म्हणाला, "आई, हा झोपलाय काय?" रांगेतले सगळे हसले. आई हसत होती आणि रडतही होती.

भाऊ आता मस्कतला. आईचे गुडघे गेलेत. ३ डिसेंबरला, सायबाच्या सणाला, दोघं व्हिडिओ कॉलवर फेस्ताची मिस्सा एकत्र बघतात. तुमच्या घरातलं लिहा ना. कोण चाललं, कशासाठी चाललं.

कॅम्पातला थोरला
बसमध्ये वाचूलालो, डोळे भरून आले. बाजूचा माणूस बघूलालाय. नंतर लिहितो.

मेणबत्ती मंगळवारची
आमचं सगळं संत अंतोनीकडे. दर मंगळवारी बेळगावच्या कॅम्पातल्या त्याच्या चर्चमध्ये. घराचे कागद हरवले होते, सहा महिने शोध शोध शोधलं, सासूबाई म्हणाल्या तेरा मंगळवार कर. नवव्या मंगळवारी शिलाई मशीनच्या खणात सापडले. तो खण मी स्वतः तीनदा रिकामा केला होता. १३ जूनला फेस्ताला पाव वाटले. अंतोनी १२३१ ला गेला आणि वर्षाच्या आतच त्याला संत केलं, एवढी लोकांची श्रद्धा.

खानापूरची वैनी
मंगळवारच्या ताई, विषय सायबाचा हाय की 😊 पण कागद सापडले हे बरं झालं.

आम्ही कॅथलिक नाही, मराठा. माझं माहेर चोर्ल्याच्या वाटेवर, कणकुंबीच्या अलीकडे. नोव्हेंबर संपत आला की आजी ओट्यावर पाण्याचा हंडा, गुळाचे खडे आणि एका परातीत कोमट मिठाचं पाणी ठेवायची. पाय बुडवायला. आजोबा आषाढीला पंढरीला जायचे, त्यामुळे फोडांचं औषध तिला पाठ. सुईत दोरा ओवायचा, फोडाच्या एका बाजूने घालून दुसरीकडून काढायचा, आणि दोरा आतच ठेवायचा. पाणी निथळून जातं, कातडी सुटत नाही. किती जणांच्या पायांत तिने असे दोरे घातले असतील. जाताना लोक म्हणायचे "देव बरें करूं", आणि आजी म्हणायची "माझं नाव सांगा तितं". आता हंडा मी ठेवते.

जांबोटी रोड
वैनी, कणकुंबीच्या अलीकडे म्हणजे उजव्या हाताला फणस आहे ते घर काय?

खानापूरची वैनी
फणस गेला ओ, रस्ता रुंद करताना. घर तेच.

वारकरी बेळगावचा
दोऱ्याची गोष्ट अगदी बरोबर. फक्त सुई आधी जाळावर धरायची. आणि दोरा पांढरा, रंगीत नको. मी आळंदी ते पंढरपूर तीनदा चाललो, गेल्या वर्षी मित्राबरोबर जुन्या गोव्यालाही गेलो. शवप्रदर्शनाचं वर्ष होतं. आमच्याकडे अभंग, त्यांच्याकडे जपमाळ. पण पाचव्या तासाला दोघांच्या तोंडून आवाज जातो आणि नुसता श्वास ऐकू येतो, ते सारखंच.

लोंढा जंक्शन
आमच्या घरची गोष्ट जुनी आहे, जरा लांब होईल.

आजोबा १९५२ च्या प्रदर्शनाला गेले होते. झेवियर सायबाच्या मरणाला चारशे वर्षं झाली म्हणून ते मोठं प्रदर्शन होतं, ३ डिसेंबरपासून. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा. लोंढ्याहून गाडी, कॅसलरॉकला आपली तपासणी, खाली कुळ्याला त्यांची. आजोबांच्या पिशवीत आजीने दिलेली भाकरी आणि लोणचं, तिकडच्या शिपायाने लोणच्याची बरणी उघडून वास घेतला आणि परत दिली, हे ते मरेपर्यंत सांगायचे.

मग १९५५ ला भारताने गोव्याची नाकेबंदी केली, गाडी थांबली, वाट बंद. आजी तोवर एकदाही गेली नव्हती. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ म्हणता म्हणता सीमाच बंद झाली. त्या वर्षांत ३ डिसेंबरला आजी पहाटे उठून अंगणात खुर्ची मांडायची, पश्चिमेकडे तोंड करून, आणि घाटाच्या दिशेने बघत अख्खी जपमाळ म्हणायची. आजोबा १९६० ला गेले. गोवा मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरात, १९ तारखेला. फेस्त सोळा दिवस आधीच होऊन गेलं होतं.

आजी पुढच्या वर्षी, १९६२ ला गेली. प्रदर्शन नव्हतं, पेटी वरती होती, खालून नुसती चांदी दिसायची. वडील सांगतात, ती तिथे उभी राहून आजोबांशी बोलत होती, सायबाशी नाही. "आलेय ओ मी," एवढंच दोनदा. नंतर १९६४ चं प्रदर्शन झालं, त्याला वडील तिला परत घेऊन गेले. पण ती नेहमी १९६२ चंच सांगायची.

कॅम्पातला थोरला
"आलेय ओ मी." आज दुसरं काही वाचत नाही आता.

पहिल्यांदा चाललेय
मी यंदा पहिल्यांदा चालणार आहे, कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर. दोन प्रश्न. मैत्रीण विचारते, शरीर खरंच एवढी वर्षं कसं राहिलं? आणि एक हात नाही म्हणतात ते खरं का?

निवृत्त बाई
बाळ, नीट सांगते, पस्तीस वर्षं वर्गात हेच केलं.

सायब मूळचा स्पेनमधल्या नवारचा, १५०६ चा जन्म. गोव्यात आला ६ मे १५४२ ला. चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचान बेटावर ३ डिसेंबर १५५२ ला वारला, वय फक्त शेहेचाळीस. तिथे चुना घालून पुरलं होतं, हाडं लवकर मोकळी व्हावीत म्हणून. काही महिन्यांनी काढलं तर शरीर तसंच. मग मलाक्का, आणि १५५४ च्या मार्चमध्ये गोवा. उजवा हात कोपरापासून १६१४ ला रोमला नेला, तो तिथल्या जेझुइटांच्या, म्हणजे सायबाच्याच धर्मसंघाच्या, चर्चमध्ये आहे. त्या हाताने हजारोंना बाप्तिस्मा दिला म्हणून तो मागितला. चांदीची पेटी १६३७ ची, गोव्याच्या सोनारांनी घडवलेली. तिच्या खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ड्यूकने पाठवला, तो १६९८ ला बसला.

आता शरीर पहिल्यासारखं नाही, सुकलेलं आहे. चर्चही तो अभंग देह आहे असं छातीठोक सांगत नाही, पवित्र अवशेष म्हणतं. मैत्रिणीला हेही सांग. श्रद्धेला खोट्याचा टेकू लागत नाही.

पहिल्यांदा चाललेय
बाई 🙏 हे सगळं वहीत लिहून घेतलं. चाललेले लोक बूट घालतात की चप्पल?

वारकरी बेळगावचा
वापरून मऊ झालेली चप्पल, बरोबर एक जोडी मोजे. नवीन बूट अजिबात नको.

साखळीपर्यंत
मी पूर्ण चाललो नाही.

मुलगी आजारी होती. दोन वर्षं चालू होतं. २०१७ ला नवस करून निघालो, साखळीला पोचेपर्यंत डावा पाय सुजला, टाच जमिनीला टेकेना. बरोबरच्यांनी पुढे आमोण्यापर्यंत हाताला धरून नेलं. तिथून बसने गेलो. फेब्रुवारीत मुलगी गेली. कितीतरी महिने डोक्यात तेच, ते शेवटचे किलोमीटर चाललो असतो तर. कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही.

पुढच्या नोव्हेंबरात परत निघालो. काही मागायला नाही. आमोण्याला जिथे बस पकडली होती त्याच जागी थांबलो, पाणी प्यालो आणि तिथून माशेल, बाणस्तारी करत चालत गेलो. तेव्हापासून दर वर्षी जातो. का, ते मला विचारू नका.

खानापूरची वैनी
दादा, यंदा आमच्याकडे थांबा. नक्की थांबा. जेवून जा.

मेणबत्ती मंगळवारची
या मंगळवारी तुमच्या लेकीसाठी मेणबत्ती लावते.

लोंढा जंक्शन
साखळीपर्यंत भाऊ, कितीला निघता? मी यंदा एकटा आहे. तुमच्याबरोबर चालेन म्हणतो, बोलायचं काही नाही.

साखळीपर्यंत
३० ला पहाटे चार. पिरनवाडीच्या पुढे भेटा.

पुणेकर झालेली
मी जानेवारी २०२५ ला गेले, शवप्रदर्शन संपायच्या आधी दोन दिवस. पुण्याहून, कारने, चालत नाही. सासूबाई ऐंशीच्या. सगळ्या वाटेत म्हणत होत्या, मला बघून काय करायचंय, मी मनात बघते. पेटी से कॅथेड्रलमध्ये, काचेतून. स्वयंसेवक "चला चला" करत होते, मला जेमतेम तीन सेकंद मिळाले. सासूबाईंची व्हीलचेअर मात्र एका मुलाने थांबवली, काही न बोलता, आणि मागच्यांना हाताने थांबायला सांगितलं. अर्धा मिनिट असेल. त्या काचेकडे बघतच नव्हत्या, त्या मुलाकडे बघत होत्या. नंतर गाडीत म्हणाल्या, त्याला आई असेल का गं.

येताना खाजे आणलं दोन किलो, ते बेळगाव येईपर्यंत अर्धं संपलं.

मेणबत्ती मंगळवारची
खाजे घरी करतं का कुणी? बेसनाच्या काड्या जमतात, पण गुळाचा पाक माझा एक तर चिकट तरी राहतो नाही तर दगड होतो.

निवृत्त बाई
पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघायचा, गोळी कडक झाली की लगेच काड्या घालायच्या. आलं पाकातच किसून, तीळ शेवटी. आणि हात थांबवायचा नाही, परतत राहायचं, तरच गुळाचा पांढरट थर बसतो.

कॅम्पातला थोरला
आता लिहितो. माझी गोष्ट छोटी आहे. दहावीला गणितात दोनदा गेलो. माय चालत गेली, मला न सांगता. मला वाटलं मावशीकडे गेली. आली तेव्हा पाय बघितले. मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. रात्री तेल लावून दिलं फक्त. मार्चमध्ये पास झालो. ती गेली त्याला नऊ वर्षं झाली, ते पाय अजून दिसतात.

जांबोटी रोड
आज दुपारी हे सगळं आईला वाचून दाखवलं. लोंढ्याच्या आजींपाशी तिने मला थांबवलं, परत वाच म्हणाली. साखळीच्या भाऊंचं वाचल्यावर बराच वेळ गप्प होती.

मग माझ्या गोष्टीत चूक काढली. चप्पल तुटली नव्हती म्हणे. आमच्यात एक मुलगी होती, लग्न होऊन दोन वर्षं मूल नाही म्हणून चालत होती, तिचे पाय रक्ताळले होते. आईने तिला चप्पल दिली, आणि मला सांगितलं तुटली, कारण मी घरी जाऊन बाबांना सांगितलं असतं. एकतीस वर्षं मी तुटलेल्या चपलेचीच गोष्ट सांगत आले.

त्या मुलीचं पुढे काय झालं विचारलं. आई म्हणाली, "ती हलियाळकडे दिलेली होती. परत भेट नाही."

पहिल्यांदा चाललेय
आम्ही सहाजणी ३० लाच निघतोय. साखळीपर्यंत काका, चार वाजता आम्हीही पिरनवाडीच्या पुढे येऊ काय? आमच्याकडे टॉर्च दोनच आहेत.

साखळीपर्यंत
या. माझ्याकडे तीन आहेत.

खानापूरची वैनी
म्हणजे आठ माणसं झाली. भात जास्त टाकते.