जुन्या पॉकेट पीसीतल्या जीपीएसने उसाचं रान मोजता येईल का? तारीख २००६ ची दाखवतोय

खोडवा_सांगलीवाडी (१२ नोव्हेंबर २०२५)
मंडळी नमस्कार, प्रश्न जरा येडा वाटंल पण इथं कुणाला तरी माहीत असणार. मामांचा जुना पॉकेट पीसी घरात पडून होता, विंडोज मोबाईलवाला, काडीने टोचायचा तो, जीपीएस आतच आहे. बॅटरी नवी टाकली तर चालू झाला की राव! आता मोजायचं कारण. लागणीच्या नोंदीला कारखान्याचा माणूस आला, हातातलं मशीन घेऊन रानाला एक चक्कर मारली आणि साडेसतरा गुंठे म्हणून मोकळा. सातबाऱ्याला ०.२० हेक्टर, म्हणजे जवळपास वीस गुंठे आहे. आबा म्हणाले तूच मोज की मग तुझ्या त्या डबड्यानं.
तर काल रानात जाऊन उभा राहिलो. पंचवीस मिनिटं नुसतं सॅटेलाइट शोधतोय, शेवटी सापडले. आज परत लावला तर तारीख २९ मार्च २००६. आणि स्क्रीनवर १६ ५१ आणि ७४ ३३ असे आकडे येतात (पुढचे इथं टाकत नाही), ते मोबाईलच्या मॅपमध्ये १६.५१, ७४.३३ असे टाकले तर आमचं रान गेलं कागलच्या पुढं निपाणीच्या वाटेवर!! जीपीएस कामातनं गेलंय का मीच चुकतोय?

भंगारातलं_सोनं
काही बिघडलेलं नाही, तीन वेगळ्या गोष्टी आहेत.
निपाणीचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. तुमचं यंत्र अंश आणि मिनिटं दाखवतंय, तुम्ही ती दशांश समजून टाकली. मिनिटांना ६० ने भागायचं, ५१ भागिले ६० म्हणजे ०.८५ आणि ३३ चे ०.५५. आता १६.८५, ७४.५५ टाकून बघा, कृष्णेच्या काठाला परत याल.
तारखेची गंमत भारी आहे. जीपीएसचा जुना सिग्नल साल सांगतच नाही, आठवड्याचा नंबर सांगतो, तोही १० बिटात, म्हणजे ० ते १०२३ आणि मग परत शून्य. मोजणी सुरू ६ जानेवारी १९८० पासून, पहिला फेरा संपला ऑगस्ट १९९९ ला, दुसरा एप्रिल २०१९ ला. काही यंत्रांत बनवणाऱ्यांनी हिशोब थोडा पुढं ढकललेला असतो म्हणून ती २०१९ ला न चुकता नंतर कधीतरी चुकतात. १०२४ आठवडे म्हणजे ७१६८ दिवस, आजच्या तारखेतनं वजा करा, बरोबर २९ मार्च २००६ येतं. वार बघा, तेव्हाही बुधवार आणि आजही बुधवारच. जागेवर सहसा फरक पडत नाही, जागा ठरते ती सिग्नल पोचायला लागलेल्या वेळेवरून, साल कुठलं याच्याशी तिचं देणंघेणं नाही.
आणि पंचवीस मिनिटं लागणारच. उपग्रह बोलतो ५० बिट प्रति सेकंद, गोगलगायीच्या चालीनं. एकाचा नीट ठावठिकाणा घ्यायला ३० सेकंद, मधेच झाड आडवं आलं की परत पहिल्यापासून, आणि सगळ्या उपग्रहांचं पंचांग, म्हणजे कोण कधी कुठं असणार त्याची यादी, उतरवायला साडेबारा मिनिटं. तुमच्या यंत्रात पंचांग मामांच्या काळातलं. मोबाईल हे सगळं नेटवरून घेतो म्हणून त्याला पटकन सापडतं. पहिल्यांदा मोकळ्यावर यंत्र ठेवा आणि हलवू नका, चहा पिऊन या.
एक सांगायचं राहिलं, विंडोज मोबाईल २००३ चं असेल तर बॅटरी पूर्ण उतरली की सगळं पुसलं जातं. बिंदू वहीत लिहून ठेवा.

चार_सीझन_चिटबॉय
दादा मी हेच काम केलंय, कारखान्याचं नाव नको. खरं सांगतो, आमच्याकडनं चूक कुठं व्हायची. बांधावर गवत काटं, म्हणून माणूस बांधाच्या आतनं चालतो, सरीच्या कडंनं. मशीन डोक्यावर कोण धरतंय, हात खाली, मशीन कमरेला, एका अंगाला आपलंच शरीर आड आणि दुसऱ्या अंगाला दहा फूट ऊस. कोपऱ्याला थांबायचं सोडून गोलात वळायचं, कोपरा कापला जातो. दिवस मावळायला आलेला आणि अजून पाच शेतकरी वाट बघत बसलेले असतात. तुमचं रान समजा साधारण पंचेचाळीस मीटर लांब आणि तेवढंच रुंद आहे, चारी बाजूनं दीड मीटर आत चाललं की झाले साडेसतरा. जीपीएसनं काय खाल्लं न्हाई, चालण्यानं खाल्लं.
आणि सातबाऱ्याचं क्षेत्र सगळं उसाचं नसतं हो, बांध, विहीर, पाटाची जागा धरून असतं ते. नोंद उसाची असते.

खोडवा_सांगलीवाडी
निपाणीहून परत आलो 😄 ६० ने भागल्यावर बिंदू बरोबर आमच्या विहिरीजवळ. चिटबॉय दादा तुमचं पटलं, आमच्यात पण तो माणूस आतनंच चालला होता, मी बघत होतो. पण एका ठिकाणी वाचलं मोबाईलचं जीपीएस मोकळ्या आभाळाखाली पण जवळपास ५ मीटर इकडंतिकडं असतं, मग २० गुंठ्याच्या तुकड्यात याचा उपयोग काय?

रोव्हर_मिरज
५ मीटर बरोबर आहे पण ते अर्धंच. चूक प्रत्येक पावलाला वेगळी उडी मारत नाही. दहा मिनिटांत चक्कर पुरी केली तर उपग्रह फारसे सरकलेले नसतात, हवेतनं येताना सिग्नलला होणारा उशीरही जवळपास तोच, त्यामुळे सगळं रानच एका बाजूला तीनचार मीटर सरकून येतं, आकार बऱ्यापैकी टिकतो. जागा चुकते, क्षेत्र त्यामानाने कमी चुकतं. म्हणून मध्ये अर्धा तास गप्पा मारत थांबू नका. बांधावरनं चाला, यंत्र डोक्याच्या वर, कोपऱ्याला अर्धा मिनिट थांबा, एकदा सुलटं एकदा उलटं. नारळाखाली कोपरा असेल तर तो बिंदू धरू नका.
पण हे स्वतःच्या समाधानापुरतं. हद्दीसाठी भूमी अभिलेखची मोजणीच लागते, आता रोव्हरने (उपग्रहावरूनच पण फार बारीक मोजणारं यंत्र) होते, त्यात सेंटीमीटरचा हिशोब असतो.

खोडवा_सांगलीवाडी (१६ नोव्हेंबर)
आज रविवार, सकाळी ऊन चढायच्या आत तीन चकरा मारल्या, आबा मागनं वही घेऊन. १९.१, १९.६ आणि उलट्या चकरेला १८.८. म्हणजे साडेसतरा नक्की नाही. नोंद दुरुस्तीचा अर्ज देतो, त्या माणसाला परत बोलवून बांधावरनं चालायला लावतो. पण आता नवीनच झालंय, मॅपवर बघितलं तर चुलत्यांच्या बाजूचा बांध तिन्ही वेळेला दोन मीटर आत आला. आबा म्हणतात मला दहा वर्षं शंका होतीच, दरसाल नांगर लागतोय तिकडनं, आता मशीनच बोललं.

रोव्हर_मिरज
मशीन काही बोललेलं नाही! दोन मीटर त्याच्या स्वतःच्या चुकीत बसतं, वर सांगितलं ना सगळं रानच सरकून येतं म्हणून. समोरच्या बाजूचा बांध बघा, तो तेवढाच बाहेर गेलेला दिसला तर विषय मिटला.

खोडवा_सांगलीवाडी
बघितला. दीड मीटर बाहेर आहे. आबांना सांगितलं पण ते ऐकायच्या आत कुदळ शोधायला गोठ्यात गेलेत.

चार_सीझन_चिटबॉय
कुदळ लपवा आधी. मग मोजणीचा अर्ज.